बाण सरळ, वाट वळणाची

जिओकॅशिंगचा डबा पहिल्यांदा लपवायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात एकच असतं: कुणाच्या नजरेला पडता कामा नये. पाच-सहा डबे लपवून झाले, त्यातले दोन-तीन पावसानं भिजले, एखादा रेंजरनं उचलून नेला, की मग उमगतं की नजरेचं नंतर बघता येतं, आधी पाय. शोधायला येणारे शंभर जण वाट कुठे सोडतील, कुठून वर चढतील, कुठल्या शेवाळावर उभे राहून इकडेतिकडे बघतील, हे डबा निवडायच्याही आधी ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलहून आय-९० महामार्गानं पूर्वेला तासाभरावर, कॅस्केड डोंगरांतल्या स्नोक्वाल्मी खिंडीच्या आसपास, हा धडा लवकर मिळतो. तिथली जमीन वर्षातले आठ-नऊ महिने ओली, शेवाळ गादीसारखं, आणि उतार उभे.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कुणीतरी जंगलात डबा ठेवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि होता तसा परत ठेवतात. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि जिथे शंभर मीटरचा घोळ व्हायचा तिथे रातोरात दहा-वीस मीटरवर काम भागू लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. त्या बादलीत घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता. आज खाण्याची कुठलीही वस्तू आत ठेवायला मनाई आहे. का, ते अस्वलांकडे आलो की सांगतो. ‘कॅश’ शब्दानं मराठी माणसाला रोकडच आठवते, म्हणून आपसात सगळे ‘डबा’च म्हणतात, आणि इथेही तेच चालवतो.

पहिलं काम परवानगीचं. ‘सार्वजनिक जमीन आहे, मग कुणाला काय विचारायचं?’ या समजुतीनं जितके डबे गेलेत तितके पावसानंही गेले नसतील. आपल्याकडे गायरान, राखीव वन आणि पुरातत्त्व खात्याचा किल्ला हे तिन्ही सरकारीच, पण नियम तीन तऱ्हेचे, तसंच इथे. माउंट रेनियर, ऑलिंपिक किंवा नॉर्थ कॅस्केड्ससारख्या राष्ट्रीय उद्यानात खरा डबा ठेवण्याची कल्पनाच सोडून द्या. वस्तू मागे सोडून जाणंच तिथे नियमाबाहेर आहे. तिथे फार तर अर्थकॅश करता येतो, म्हणजे डबा नाही, एखादी भूशास्त्रीय जागा बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि त्यालाही उद्यानाची संमती लागते. वॉशिंग्टनच्या राज्य उद्यानांत डबा ठेवता येतो, पण परवान्याचा अर्ज भरून. राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर त्या भागाच्या रेंजर कचेरीला विचारावं लागतं. स्नोक्वाल्मीच्या बाजूची कचेरी नॉर्थ बेंड गावात आहे.

फसगत होते ती वनाच्या पोटातल्या ‘विल्डरनेस’च्या, म्हणजे जसंच्या तसं राखलेल्या रानाच्या, हद्दीवर. १९६४ च्या कायद्याखाली आखलेले हे पट्टे वनखात्याच्याच ताब्यात असतात, पण तिथे मागे वस्तू सोडणं चालत नाही. खिंडीच्या उत्तरेला अल्पाइन लेक्स विल्डरनेस महामार्गाच्या इतकं जवळ येतं, की वाट सुरू होते साध्या वनात आणि दोन-तीन किलोमीटरवर नुसती एक लाकडी पाटी ओलांडून विल्डरनेसमध्ये शिरते. फोनवरच्या साध्या नकाशात ही रेघ बहुधा नसतेच. वनखात्याचा नकाशा उघडून हद्द बघावी, आणि डबा रेघेच्या अलीकडे निदान दोनशे मीटर असावा, म्हणजे वाद उरत नाही. कचेरीत जाताना ‘कुठेतरी डबा ठेवू का?’ असं मोघम विचारू नये. तोंडी मोघम प्रश्नाला तोंडी मोघम ‘नाही’ मिळतं. नकाशावर टिंब, डब्याचा फोटो, आकार, आत काय असणार, वाटेपासून किती पावलांवर आणि बिघडला तर फोन कुणाला करायचा, एवढं एका कागदावर नेलं तर समोरच्या माणसाला हो म्हणायला काहीतरी आधार मिळतो. हो म्हणणाऱ्याचं पद आणि तारीख टिपून ठेवा, ती पुढे लागते.

परवानगी मागण्याआधीच जागा पक्की झालेली असायला हवी, आणि सगळा जीव तिथेच आहे. जिओकॅशिंगच्या ॲपमधला बाण डब्याकडे सरळ रेघेत रोखलेला असतो. डोंगरातली वाट मात्र नागमोडी. समजा डबा वरच्या वळणावर आहे. खालच्या वळणावरून चालणाऱ्याच्या फोनवर ‘४० मीटर’ दिसतं, बाण थेट चढाकडे वळतो, आणि माणूस वाट सोडून झाडीतून वर घुसतो. वाटेनं गेला असता तर तीनशे मीटर पडले असते. पहिल्या दहा जणांनी असं केलं की नेची मोडतात, वीस-पंचवीस जणांनंतर पायवाटेसारखा पट्टा दिसायला लागतो, मग ज्याला डब्याशी काही देणंघेणं नाही तो गिर्यारोहकही तो आडमार्ग धरतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्याच पट्ट्यानं माती घेऊन खाली येतं. रेंजर लोकांची या खेळावरची खरी तक्रार हीच आहे. डब्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही.

म्हणून ठोकळ नियम असा: नकाशावर ठरवलेल्या जागेभोवती ६० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. त्या वर्तुळात त्याच वाटेचं दुसरं वळण येत असेल तर ती जागा रद्द, मग देखावा कितीही सुंदर असो. वळणं संपून वाट सपाटीला लागते तिथे, किंवा कड्याच्या सरळ धारेवर, जागा सापडतेच. पहिल्यांदा लपवणाऱ्यानं तर जुन्या रेल्वेमार्गावरची वाट धरावी. खिंडीखालून जाणारी पॅलूस टू कॅस्केड्स वाट ‘मिलवॉकी रोड’ या रेल्वे कंपनीच्या रुळांच्या जागी झाली आहे. गाडीला झेपेल इतकाच तिचा चढ, वळणं लांबलचक, बाजूला खडी. तिच्यावरच्या ३.७ किलोमीटरच्या बोगद्यापलीकडे २००१ सालचा एक नामांकित डबा आहे. तो २०११ मध्ये चोरीला गेला, २०१६ मध्ये सापडला आणि पुढे परत जागेवर आला. बोगद्यात जीपीएस मुका होतो, आत ऐन उन्हाळ्यातही जॅकेट लागतं, आणि हिवाळाभर दारं बंद असतात, हे निघण्याआधी बघून घ्यावं. दरसाल हेडलॅम्पशिवाय येऊन दारातून परतणारे असतातच.

वाटेपासून डब्यापर्यंत चार-पाच पावलं, फार तर तीन मीटर, आणि ती पावलं दगडावर, खडीवर किंवा सूचिपर्णींच्या वाळक्या पानांच्या थरावर पडावीत. शेवाळ आणि नेची टाळायचीच. रचलेल्या दगडी भिंतीत लपवू नका; न सापडल्यावर लोक भिंतच उतरवतात. कुजका ओंडका तर सगळ्यात मोहाची आणि सगळ्यात वाईट जागा. कॅस्केडमध्ये पडलेल्या मोठ्या ओंडक्यांवर नवी झाडं रुजतात. तिथे डबा खोचला आणि दोघा-तिघांना सापडला नाही, की चौथा काठीनं लाकूड उकरायला लागतो. जमिनीत खड्डा करून पुरणं, झाडाला खिळा मारणं हे नियमातच बसत नाही. उत्तम जागा म्हणजे मोठ्या डग्लस फरच्या दोन मुळांमधली खोबण, उताराच्या वरच्या अंगाला, पाणी साचत नाही अशी. पाणी साचतं की नाही हे उन्हात कळत नाही, तेव्हा जागा एकदा भर पावसात जाऊन बघायची.

आता डबा. अमेरिकेत लष्करी वापरातून निघालेली काडतुसांची पत्र्याची पेटी, ज्याला ‘ॲमो कॅन’ म्हणतात, तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. ‘५० कॅलिबर’ची पेटी साधारण २८ सेंटीमीटर लांब, १४ रुंद, १८ उंच असते. झाकणाला रबरी पट्टी आणि दाबून बसणारी कडी. जुनी घेताना पट्टी तपासायची रीत सोपी: कागदाची पट्टी झाकणात अडकवून कडी लावायची आणि ओढायची. चारही बाजूंनी कागद अडून बसला पाहिजे. एका बाजूनं सहज निसटला तर तिथून पाणी येणार. पेटीवरची लष्करी अक्षरं रंगानं पूर्ण झाका आणि ठळक अक्षरांत लिहा, की हा जिओकॅशचा डबा आहे, घातक नाही. बेवारस हिरवी पेटी बघून पोलिसांना फोन करणाऱ्याची चूक नसते. पीव्हीसी पाइपाचा तुकडा दोन्ही टोकांना बूच लावून ठेवण्याची कल्पना स्वस्तात पडते खरी, पण ती दिसते बॉम्बसारखी.

पेटी मावत नसेल तर चारही बाजूंना खिट्ट्या आणि सिलिकॉनची कडा असलेला जेवणाचा डबा घ्या. थंडी-उन्हानं त्याच्या खिट्ट्यांचे सांधे ठिसूळ होतात आणि काही हिवाळ्यांत एक खिट्टी तुटते. उरलेल्या तीन खिट्ट्यांवर बंद झालेला डबा बंद नसतोच. फोटोच्या रिळाची जुनी डबी गळते, तिच्या वाटेला जाऊ नये. कुठलाही डबा जंगलात नेण्याआधी आत कोरडा टिश्यू आणि एक दगड घालून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी टिश्यू दमट लागला तर तो डबा घरातच बरा.

एवढं करूनही वही भिजते ती एका क्षुल्लक गोष्टीनं. वही झिपच्या पिशवीत असते. शोधणारा थंडीत आखडलेल्या बोटांनी नाव लिहितो, पिशवी आत कोंबतो, झाकण दाबतो, आणि पिशवीचं एक टोक, नखाएवढं, रबरी पट्टी आणि कड यांच्यामध्ये अडकून राहतं. बाहेरून काही दिसत नाही. पण प्लॅस्टिकच्या त्या चुणीतून पाणी केशाकर्षणानं थेंबाथेंबानं आत ओढलं जातं, आणि आत गेलेलं पाणी घट्ट झाकणामुळे बाहेर पडत नाही. महिनाभरात खाली बोटभर पाणी. यावर उपाय म्हणजे पिशवी डब्याच्या लांबीच्या निम्मीच घ्यायची, म्हणजे कडेपर्यंत पोचणारच नाही. सिलिका जेलच्या पुडीवर लोकांची फार श्रद्धा. ५ ग्रॅमची पुडी फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी धरते. पावसात एकदा डबा उघडला की ती भरली, त्यापुढे ती फक्त ओली पुडी.

वहीचा कागद पाण्याला दाद न देणारा हवा. टॅकोमातल्या कंपनीचा, १९१६ पासून बनणारा ‘राइट इन द रेन’ इथे सगळीकडे मिळतो. सोबत पेन्सिल, दोन तुकडे, आणि टोक करायला काहीतरी. बॉलपेन थंडीत उमटत नाही, जेलची शाई ओघळते. शोधणाऱ्यांनी अदलाबदल करावी म्हणून आत ठेवतात त्या वस्तूंत वासाचं काही नको: साबण, ओठांचं मलम, फुगे उडवायचं पाणी, सुगंधी मेणबत्ती. गोळ्या-चॉकलेट तर नाहीच. काळ्या अस्वलाला आत खाणं आहे की नुसता वास, हे डबा फोडल्यावरच कळतं, आणि प्लॅस्टिकचा डबा फोडणं त्याला जड नाही. उंदीर-खारींना तेवढंही निमित्त लागत नाही, ते कड कुरतडतातच.

अक्षांश-रेखांश घेणं ही या खेळातली सगळ्यात घाईत उरकली जाणारी पायरी. अंश आणि दशांश मिनिटं ही या खेळाची लिपी. मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशात १.८५ मीटर होतो. स्नोक्वाल्मीच्या अक्षांशावर रेखांशात तो सुमारे सव्वा मीटरच भरतो. नेहमीची चूक म्हणजे सेकंद आणि दशांश यांची गल्लत. ४७ अंश २५.५०० मिनिटं आणि ४७ अंश २५ मिनिटं ५० सेकंद दिसायला भावंडं, पण दोघांत ६१७ मीटरचं अंतर आहे. डब्याचं संकेतस्थळावरचं पान भरून झालं की ॲपला वाहनतळापासूनचं अंतर विचारा, असली गल्लत तिथेच उघडी पडते.

उंच, ओल्या झाडीखाली सिग्नल फांद्यांवर आणि खडकांवर आपटून येतो, त्यामुळे आकडा उड्या मारतो. मोकळ्यावर तीन-पाच मीटरची चूक तिथे दहा-पंधरा होते. फोन डब्यावर ठेवून पहिला आकडा टिपणं म्हणजे चिठ्ठी उचलणं. फोन पाच मिनिटं स्थिर ठेवायचा, मग नोंद. मग तीस मीटर लांब जाऊन वेगळ्या दिशेनं परत यायचं, पुन्हा नोंद. असं तीन-चारदा. जमलं तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी हेच सगळं पुन्हा, कारण तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. सगळ्या नोंदींत एक फटकून लांब असेल तर ती टाकायची आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. हातातल्या गार्मिन यंत्रांत सरासरीची सोय आयतीच असते.

पानावर वाहनतळ आणि वाटेची सुरुवात यांचे पत्ते वेगळे द्या. नाहीतर गाडीचं ॲप लोकांना डब्याला सरळ रेघेत जवळ असलेल्या भलत्याच रस्त्यावर, बहुधा नदीपलीकडे, नेऊन उभं करतं. गाडी लावायला कुठला पास लागतो तेही लिहा: राज्याच्या जमिनीवर डिस्कव्हर पास, वनखात्याच्या बऱ्याच वाहनतळांवर नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास, आणि एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. अवघडपणाचे दोन आकडे असतात, शोधण्याचा आणि वाटेचा, १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यानं. वाटेला १ द्यायचा तर चाकांच्या खुर्चीतून डब्यापर्यंत जाता आलं पाहिजे. ‘सोपी आहे हो’ म्हणून १ देऊ नये. खुणेचं वाक्य सांकेतिक अक्षरांत छापलं जातं आणि ज्याला हवं तोच उलगडतो. ते विनोदासाठी वाया घालवू नका. ‘मुळांच्या खोबणीत, गुडघ्याखाली, चढाच्या बाजूला, काही उपटायची गरज नाही’ एवढ्या एका ओळीनं कितीतरी नेची वाचतात.

पान पाठवलं की स्वयंसेवक रिव्ह्यूअर ते तपासतो. तो जमीन बघत नाही, नकाशा बघतो. शेजारच्या डब्यापासून ०.१ मैल, म्हणजे १६१ मीटर अंतर नसेल तर पान परत. गंमत अशी, की कोड्याच्या डब्यांचे खरे पत्ते आणि अनेक टप्प्यांच्या डब्यांचे पुढचे पत्ते नकाशावर दिसत नाहीत, तेव्हा मोकळी दिसणारी जागा भरलेली असू शकते. म्हणून डबा विकत घेण्याआधी नुसती जागा लिहून रिव्ह्यूअरला ‘ही मोकळी आहे का?’ विचारून घ्यावं. परवानगीचं पद आणि तारीख त्याच्यासाठीच्या टिपेत टाका. घरापासून हजार मैलांवर सुटीत लपवलेला डबा तो सहसा नाकारतो. नातलगांकडे महिनाभर आलेल्या पाहुण्यांचा इथे हिरमोड होतो, पण नियम रास्त आहे; डब्याची देखभाल कोण करणार?

प्रसिद्ध झाल्याच्या तासाभरातच कुणीतरी निघालेलं असतं. पहिल्या नोंदीचं वेड असलेले लोक रात्री दहालाही हेडलॅम्प लावून जातात. त्यांच्या नोंदी कौतुकासाठी वाचू नका, आकड्यांसाठी वाचा. दोघांनी ‘आमच्या यंत्रावर नऊ मीटर पश्चिमेला’ लिहिलं तर चूक तुमची आहे, पत्ता सुधारा. न सापडल्याच्या नोंदी लोक लाजेनं करत नाहीत, आणि त्याच सगळ्यात कामाच्या. शोधायला सोप्या डब्यावर लागोपाठ दोन ‘नाही सापडला’ आले की बूट चढवायचे. त्याहून वैताग आणतो तो परोपकारी शोधक, ज्याला डबा सापडत नाही म्हणून तो खिशातली दुसरी डबी तिथे टाकून ‘सापडला’ लिहून मोकळा होतो. मग एका झाडाखाली दोन डबे, आणि कुठल्या वहीत सही केली यावर वाद.

शोधणाऱ्यांसाठी एवढंच: नॉर्थ बेंड सोडलं की खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून पान आणि नकाशा घरीच उतरवून घ्या, आणि जीपीएसला आकाश वाहनतळावर दाखवा. नेटची मदत नसली की यंत्राला सगळं उपग्रहांकडून ऐकून घ्यावं लागतं, ते झाडीत शिरल्यावर अवघड होतं. दहा मीटरवर आलात की फोन खिशात. बाण तिथे काहीच सांगत नाही. उभं राहून बघा: काटक्या एकाच मापाच्या आणि एकाच दिशेनं रचलेल्या कुठे दिसतात? निसर्ग काटक्या समांतर ठेवत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात खोबणीत हात घालण्याआधी क्षणभर थांबा, पिवळ्या गांधिलमाश्यांची घरं जमिनीतच असतात. डेव्हिल्स क्लब नावाच्या झुडपाच्या देठावर बारीक काटे असतात, आधारासाठी ते धरू नका.

खिंड सुमारे ९२० मीटरवर आहे आणि मोसमात पडणाऱ्या बर्फाची बेरीज दहा मीटरच्या घरात जाते. तेव्हा ‘बारमाही’चं चिन्ह पानावर लावू नका. साचलेलं बर्फ उतारावरून इंचाइंचानं सरकतं आणि उघड्यावरचा डबा सोबत नेतं. वसंतात तो मूळ जागेच्या खाली, पालापाचोळ्यात आडवा सापडतो. म्हणून बर्फ वितळल्यावर, बहुधा जूनमध्ये, एक फेरी ठरलेली: डबा पुसायचा, पट्टीवरची माती जुन्या ब्रशनं काढायची, भरलेली वही बदलायची, पत्ता पडताळायचा, आणि वाटेपासून डब्यापर्यंत पट्टा पडायला लागलाय का ते बघायचं. पडत असेल तर पान थांबवून डबा हलवावा, दोनशे मीटर पुढे नवी जागा बघावी. पान तात्पुरतं बंद करून महिनोन्‌महिने विसरलं तर रिव्ह्यूअर ते कायमचं बंद करतो.

पान बंद झालं म्हणजे डबा नाहीसा होत नाही, हे मात्र बरेच जण सोयीनं विसरतात. तो जाऊन आणावा लागतो. झाकायला वापरलेली साल आणि काटक्या विखरून टाका, रचून ठेवू नका, नाहीतर जुना पत्ता उतरवलेला एखादा माणूस पुढच्या उन्हाळ्यातही तिथे उकरत बसेल. खोबण रिकामी असल्याचा एक फोटो घ्या आणि ज्या कचेरीनं हो म्हटलं होतं तिला, जुन्या तारखेचा हवाला देऊन, पाठवून द्या.